शून्य नसलेली लिफ्ट

आत्या आली तेव्हा घरात पेन शोधण्याची मोहीम चालू होती. भाऊ सोफ्याखाली हात घालून चाचपत होता, भावजय फ्रिजवरची टोपली उपसत होती आणि मिरी कोपऱ्यात, बापाच्या हत्यारांच्या पेटीवर, दुसऱ्याच कुणाच्या घरात आल्यासारखी बसली होती.

मिरी म्हणजे भावाची एकुलती एक. वय बारा, इयत्ता सातवी, चण लहान आणि जीभ तिखट, म्हणून मिरी. आज मात्र तिची जीभ म्यानात होती.

"पेन कशाला एवढं?" आत्यानं पर्स काढून खुर्चीला अडकवली.

"सही करायचीय, ताई. उद्या सकाळी शाळेत कागद द्यायचाय." भाऊ सोफ्याखालूनच बोलला. "मिरीला पुढच्या वर्षी व्यवहारी गणिताच्या तुकडीत टाकतायत."

"टाकतायत म्हणजे? ती काय रद्दी आहे?"

भावजयीनं टोपली खाली ठेवली आणि रडायचं की रागवायचं याचा निर्णय न झाल्यामुळे चहाचं भांडं गॅसवर आदळलं. या तुकडीत समीकरणं नसतात, बीजगणित नसतं. आणि एकदा तिथं गेलं की परत वर यायला जिना नसतो. आठवीत समीकरणं नाहीत म्हणून नववीत तांत्रिक विषय नाही आणि तांत्रिक विषय नाही म्हणून पुढचं काहीच नाही. शाळेनं हे सगळं फार गोड भाषेत लिहिलं होतं. 'पाल्याच्या गतीला साजेसं' असा शब्दप्रयोग होता. एखाद्याला दाराबाहेर काढताना पायताणं हातात आणून द्यावीत, तशी ती भाषा.

मिरीला लिफ्ट बांधायच्या होत्या. दुरुस्त नाही करायच्या, ते बाबा करतात; बांधायच्या. उभं राहता यायला लागल्यापासून ती टॉवरच्या माथ्यावरच्या यंत्राच्या खोलीत या पेटीवर बसून बापाला पाने-पक्कड देत आली होती. टॉवरांच्या अख्ख्या रांगेतल्या लिफ्ट भावाच्या ताब्यात होत्या आणि राहायला जागा दोन तळघरांपैकी वरच्या, पार्किंगच्या तळघरात. तिथल्या तीन खोल्यांत आज सहीचं पेन सापडत नव्हतं, आणि आत्याला वाटलं, घरातल्या वस्तूंनाच काय ती अक्कल उरली आहे.

"तुम्ही काय काय केलंत?" तिनं विचारलं.

"काय नाही केलं ते विचारा!" भावजय सुटली. "सरावाची पुस्तकं आणली, एकावर एक. टीव्ही बंद केला. नाचाचा क्लास बंद केला. मैत्रिणीकडे जाणं बंद केलं."

"गणित सुधारायला नाच बंद केला? पायांनी गणितं करत होती का ती?"

"शिकवणी लावली, ताई. मोठे नावाजलेले सर आहेत. ते नियम पाठ करून घेतात. मोठ्यातून लहान काढा, मोठ्याचं चिन्ह द्या. रोज घोकते ही."

"आणि तू?" आत्या भावाकडे वळली.

"मी ओरडतो," भाऊ प्रामाणिकपणे म्हणाला. "आणखी काय करणार? मला सातवीतलं आठवतंय थोडंच. आणि पर्यवेक्षक म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या टॉवरांकडची मुलं गणितात जरा कच्चीच असतात. वातावरणाचा परिणाम असतो म्हणाले."

"असं म्हणाले? आणि तू ऐकून घेतलंस?"

"मोठा माणूस आहे, ताई."

आत्याच्या कपाळावरची शीर उठली. ती वजनमापं तपासणारी अधिकारी होती. वाण्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांचे काटे तिच्या हाताखालून जात आणि माणसांकडेही ती त्याच नजरेनं बघे: कोण किती मारतो, कुठं मारतो आणि कुणाच्या नावावर घालतो. या घरातला हिशेब तिला दारातच कळला होता. पुस्तकं, शिकवणी, ओरडा, बंदी, सगळं एका बाजूला भरपूर जमा होतं. दुसऱ्या बाजूला एकच गोष्ट असायला हवी होती, ती कुणी केल्याचं दिसत नव्हतं.

"मिरे," तिनं पेटीजवळ खुर्ची ओढली, "तुला कुणी विचारलं का गं, तू गणित कसं करतेस?"

मिरीनं मान वर केली. "चुकीचं करतेस, असं सांगतात."

"ते उत्तराबद्दल झालं. कसं करतेस?"

"ते नाही विचारलं कुणी."

भावजय म्हणाली, "अहो ताई, ती पद्धत बरोबर लिहिते. समीकरणाच्या सगळ्या पायऱ्या बरोबर. शेवटी येऊन माती खाते. निष्काळजीपणा! दुसरं काय?"

"तू चहा बघ, उतू जाईल," आत्या म्हणाली. "मिरे, उणे सात अधिक तीन?"

"उणे चार."

"बरोबर. उणे दोन वजा चार?"

"उणे सहा."

"बरोबर. उणे दोन अधिक पाच?"

मिरीचं उजव्या हाताचं बोट हवेत किंचित वर सरकत गेलं. "चार."

"तीन!" स्वयंपाकघरातून भावजय ओरडली. "बघा, हे असं!"

"तीन वजा पाच?"

बोट या वेळी खाली सरकलं. "उणे तीन."

भावानं कपाळावर हात मारून घेतला. आत्यानं मात्र कपाळाकडे पाहिलं नाही, बोटाकडे पाहिलं. खात्यात नवा भरती झालेला पोरगा काटा चुकीचा दिसला की लगेच सील ठोकायला निघे. आत्या त्याला थांबवायची. आधी पारडं रिकामं कर, म्हणायची. त्यात काही नसताना काटा काय दाखवतो ते बघ. रिकामं असतानाच काटा थोडा पुढे उभा असेल, तर तो पुढचं प्रत्येक वजन तेवढंच चुकवणार. तो खोटा नाही आणि मोडलेलाही नाही.

"मिरे, तीन वजा तीन?"

"शून्य. ते पहिलीतलं आहे, आत्या." जीभ थोडी म्यानाबाहेर आली.

"हो का? मग उणे तीन अधिक तीन?"

बोट हवेत वर सरकलं, थांबलं. "एक."

चहा उतू गेला, तरी भावजयीचं लक्ष गेलं नाही.

"एक," आत्या म्हणाली. "कसं आलं ते सांगशील? मी रागवणार नाही. मला खरंच माहीत नाही म्हणून विचारतेय."

मिरीनं बापाकडे बघितलं, मग आत्याकडे. "उणे तीनवर उभं राहायचं. तीन वर जायचं. उणे दोन, उणे एक, एक. तिथं दार उघडतं."

"कसलं दार?"

"लिफ्टचं! पुस्तकात तसंच दिलंय. 'आपल्या इमारतीतली लिफ्ट डोळ्यांसमोर आणा.' बाई पण तेच म्हणतात. उणे आलं की लिफ्ट आणायची डोळ्यासमोर. मी आणते." तिचा आवाज चिरकला. "नियमानं कधीकधी वेगळं उत्तर येतं. ते मी शिकवणीतल्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, उलट बोलू नकोस, पाठ कर. पण नियम तर नुसता पाठ केलाय, आत्या. लिफ्ट मला दिसते. मग मी लिफ्टचं लिहिते."

आत्या उठली. "चल. मला तुझी लिफ्ट दाखव."

गंमत अशी की इतकी वर्षं भावाकडे येऊन ती या लिफ्टमध्ये एकदाही चढली नव्हती. घर तळघरात, गाडी तळघरात लागायची, ती उताराच्या रस्त्यानं यायची आणि तसंच जायची. आता ती आत शिरली आणि बटणांच्या पट्टीसमोर उभी राहिली. सगळ्यांत खाली उणे दोन. तिथं टॉवरच्या मुलांचं खेळायचं सभागृह होतं. त्याच्यावर उणे एक, म्हणजे भावाचं घर. आणि त्याच्या लगेच वर, चकचकीत पितळी कड असलेलं, रोज हजार बोटांनी झिजलेलं बटण: एक.

मध्ये काही नव्हतं.

"अरे," तिनं भावाला हाक मारली, "ह्या लिफ्टला शून्य कुठाय?"

"शून्य कशाला?" भाऊ दारात उभा होता. "रस्त्याचा मजला एक. त्याच्या खाली उणे एक. बांधणाऱ्यानं तसंच दिलंय. सगळ्या टॉवरांना तसंच आहे."

"आणि तुझी पोर रोज घरातून शाळेत जाताना उणे एकवरून एकवर जाते. एका उडीत."

"मग? एकच मजला तर चढायचा असतो."

"मजला एकच आहे रे! पण गणितात उणे एकपासून एकपर्यंत दोन पावलं लागतात. मध्ये शून्यावर पाय ठेवून जावं लागतं. हिच्या लिफ्टमध्ये ते पाऊलच नाही. म्हणून रस्ता ओलांडला नाही तोवर हिचं प्रत्येक उत्तर बरोबर. ओलांडला की एकानं चूक. वर जाताना एक जास्त, खाली जाताना एक कमी. एकदाही इकडेतिकडे नाही." तिला धाप लागली होती, जिना न चढता. "तुम्ही घरात निष्काळजी म्हणता हिला. अरे, इतक्या काळजीपूर्वक चुकणारं माणूस मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही."

भावजय चहाचं फडकं हातात घेऊन मागून आली होती. तिनं पट्टीकडे पाहिलं, मग बोटांवर काहीतरी मोजलं, मग पुन्हा पट्टीकडे पाहिलं आणि फडकं तोंडाला लावलं.

मिरी मात्र रडली नाही. तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. "म्हणजे," ती म्हणाली, "त्यांनी सांगितलं आपली लिफ्ट आणा. मी आपलीच आणली. आणि त्यांनी मला ढ ठरवलं?"

आत्याकडे होता तो फक्त राग, आणि तो रात्रभर ठेवूनही नासला नाही.

सकाळी तिनं रजा टाकली आणि भाऊ-भावजय-मिरी अशी वरात घेऊन शाळेत गेली. पर्यवेक्षकांच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर भलंमोठं घड्याळ होतं. साहेब समोरच्या माणसाशी बोलताना त्या घड्याळाशीच बोलत. मुलांनी त्यांचं नाव 'घड्याळ' ठेवलं होतं, असं मिरीनं वाटेत सांगितलं, आणि भावानं तिला दटावलं होतं. आता त्यालाही हसू दाबावं लागलं.

"सही झाली का?" घड्याळसाहेबांनी विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली. "आधी गणिताच्या बाईंना बोलवा."

"बाई तासाला आहेत. आणि आपण कोण?"

"मी वजनमापं खात्यातली. काटे तपासते. आज तुमचा तपासायला आलेय."

साहेबांना हे विनोदी वाटलं नाही, पण सरकारी खात्याचं नाव काढलं की शिपाई लगबगीनं धावतो, हे या खोलीतही खरं ठरलं. बाई आल्या. हाताला खडू, खांद्यावर वर्गभर मुलांचा थकवा आणि चेहऱ्यावर 'आता कोणत्या पालकाची तक्रार' असा भाव.

आत्यानं सगळं सांगितलं. बटणं, रस्ता, एकची उडी. घड्याळसाहेबांनी मध्येच हात वर केला. "हे सगळं ठीक आहे हो, पण उत्तर चूक ते चूक. पेपर तपासताना आम्ही काय प्रत्येकाच्या घरी जाऊन लिफ्ट बघायची?"

"घरी नका जाऊ. तोंड उघडून विचारा. त्याला जिना चढावा लागत नाही."

"एकेका वर्गात किती मुलं असतात, कल्पना आहे?"

"आहे. त्यातल्या एकीलाही विचारलं नाहीत, हीसुद्धा कल्पना आहे. दुकानदाराचा काटा चुकला तर त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय मला दंडाची पावती फाडता येत नाही. बारा वर्षांच्या पोरीची पुढची सगळी वाट बंद करताना तुम्हाला तेवढंही बंधन नाही? लोखंडाच्या काट्याला जेवढी सुनावणी मिळते, तेवढीसुद्धा हिला नाही?"

"तुम्ही आवाज वाढवताय."

"अजून वाढवलेला नाही."

बाईंनी टेबलावरचं पाठ्यपुस्तक ओढून घेतलं आणि पान काढलं. तिथं रंगीत चित्रातली लिफ्ट होती: तीन, दोन, एक, शून्य, उणे एक, उणे दोन. चित्राखाली ठळक अक्षरांत, आपल्या इमारतीतली लिफ्ट डोळ्यांसमोर आणा. बाईंनी ती ओळ वाचली, आणि पुन्हा वाचली.

"आमच्या इमारतीला लिफ्टच नाही," त्या कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाल्या. "मला वाटलं, सगळ्या अशाच असतात." मग त्या मिरीकडे वळल्या. "इकडे ये. क्ष अधिक पाच बरोबर तीन. कसं सोडवशील? उत्तर नको. काय काय करतेस ते बोल."

मिरीनं एकदा आत्याकडे पाहिलं. "क्षला एकटं करायचं. म्हणून दोन्ही बाजूंतून पाच काढायचे. म्हणजे क्ष बरोबर तीन वजा पाच. तीनवर उभं राहायचं. पाच खाली. आमच्या लिफ्टनं गेलं तर उणे तीन." तिनं श्वास घेतला. "पुस्तकातल्या लिफ्टनं गेलं तर उणे दोन. तिला शून्यावर थांबा आहे."

बाईंनी खडू टेबलावर ठेवला. "पुरे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला होता.

घड्याळसाहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, "बरं. एक विशेष बाब म्हणून या मुलीचा कागद आपण मागे घेऊ. झालं समाधान? मिटवून टाकू."

आत्याला जे हवं होतं ते मिळालं होतं. भावजयीनं तर हात जोडायला सुरुवातही केली. पण बाई जागच्या हलल्या नाहीत. त्या कपाटाकडे गेल्या, व्यवहारी तुकडीत जाणाऱ्या मुलांच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला आणि उभ्याउभ्याच चाळू लागल्या. एक पत्रिका बाजूला ठेवली. आणखी एक. मग भराभर.

"हा कुठं राहतो?" त्यांनी मिरीला एक पत्रिका दाखवून विचारलं.

"आमच्या पलीकडच्या टॉवरमध्ये. आम्ही खाली सभागृहात एकत्र खेळतो."

"आणि ही?"

"ती पण टॉवरचीच."

बाजूचा ढीग वाढत होता. सगळे टॉवरचे नव्हते. काहींच्या चुका वेगळ्या होत्या, त्यांची कारणं वेगळी असतील आणि तीही कुणी विचारली नव्हती. पण ढीग होता.

'टॉवरांकडची मुलं गणितात कच्चीच.' खोलीत हे वाक्य कुणी उच्चारलं नाही. उच्चारायची गरजच उरली नव्हती. ते टेबलावर ढीग होऊन पडलं होतं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मागच्या वर्षीचे टॉवरवाले, त्याच्या मागच्या वर्षीचे, ते आता कुठं असतील, हे विचारायचं आत्याच्या ओठांवर आलं. तिनं ते विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर त्या खोलीत कुणाकडेच नव्हतं, आणि तोच तिचा सगळ्यांत मोठा संताप होता.

"हे बघा," साहेब म्हणाले, "एवढ्या सगळ्यांचं आता ऐनवेळी... याद्या वर गेल्यात. तुमच्या मुलीचं काम झालंय ना? मग तुम्ही निघा."

आणि इथं भाऊ बोलला. मोठ्या माणसासमोर कधी तोंड न उघडणारा, सोफ्याखाली पेन शोधणारा भाऊ.

"साहेब, माझं काम लिफ्टचं आहे. लिफ्ट मध्येच अडकली की आत किती माणसं आहेत, हे मला आधी विचारावं लागतं. त्यातलं माझं एक बाहेर काढून मी घरी जाऊ शकत नाही." तो थांबला, स्वतःचाच आवाज ऐकून घाबरल्यासारखा. मग खिशातून सहीचा कोरा कागद काढून टेबलावर ठेवला. "सगळ्यांचं बघा. नाहीतर मी प्रत्येक टॉवरच्या लिफ्टमध्ये चिठ्ठी लावतो, आपली मुलं गणितात कच्ची का ठरतात, म्हणून. रोज सगळे वाचतील. लिफ्टमध्ये दुसरं वाचायला काही नसतं."

आत्यानं आपल्या भावाकडे नव्या वजनासारखं पाहिलं.

"मी घेते फेरपरीक्षा," बाई म्हणाल्या. साहेब काही बोलायच्या आत त्यांनी गठ्ठा काखेत मारला. "तोंडी घेते. सगळ्यांची. याद्या वर गेल्या असतील तर खाली आणा. मी सही करते त्याच्यावर."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. घड्याळ या वेळी त्यांच्या बाजूनं काही बोललं नाही.

संध्याकाळी आत्या निघाली तेव्हा मिरी तिला गाडीपर्यंत सोडायला आली नाही. तिनं आत्याला लिफ्टनं वर रस्त्यावर नेलं. तिकडून उतारानं चालत गाडीकडे जा म्हणाली, पाय मोकळे होतील. भाऊही बरोबर होता, हातात पेटी. त्याच्या डोक्यात दिवसभर काहीतरी शिजत होतं.

"मिरे," तो बटणांच्या पट्टीवर अंगठा टेकून म्हणाला, "उणे एक आणि एकच्या मध्ये मी एक शून्य बसवतो. नुसतं. दिवा नको, काही नको. म्हणजे पुन्हा कुणाचा घोळ नको."

"नको, बाबा."

"का गं?"

"दाबलं तर दार कुठं उघडणार? भिंतीत?" मिरीनं एकचं बटण दाबलं. लिफ्ट हलली, आणि एका दमात वर येऊन थांबली. "लिफ्टला हात लावू नका. लिफ्ट कुठं चुकली?"